खेकडीच्या पुढ्यात काय पडते, ते आधी बघा

प्रति,
माननीय मत्स्यव्यवसाय मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

मंत्रीमहोदय, सादर नमस्कार.

मी कोल्हापूर जिल्ह्यातल्या गगनबावड्याकडचा भातशेतकरी. घरामागे सिमेंटच्या दोन टाक्या आहेत, त्यांत ओढ्याचे खेकडे पाळतो. २०२५ साली सरकारने मत्स्यव्यवसायाला शेतीचा दर्जा दिला, तेव्हा आम्हालाही आनंद झाला. पण शेती म्हटली की पहिला विचार बियाण्याचा येतो, आणि खेकड्याच्या बाबतीत तो कुठेच होताना दिसत नाही. म्हणून हे पत्र.

टाक्या बांधण्याआधी मी एका प्रशिक्षणाला गेलो होतो. टाकीचे माप, पाण्याचा निचरा, लपायला फुटकी कौले, अनुदानाचे कागद, सगळे समजावून सांगितले. मादीला खायला काय घालायचे, असे मी विचारले. उत्तर आले, "काहीही टाका, खेकडा सगळं खातो." खातो हे खरेच. पण गाभण म्हशीला आपण नुसत्या वैरणीवर ठेवतो का? व्यायचे दिवस जवळ आले की आंबोण वाढते, पेंड वाढते. आमच्या जिल्ह्यातल्या पोराटोरांनाही हे माहीत असते.

पहिल्या वर्षी मी कोंडा, शेंगपेंड आणि उरलासुरला भात घातला. माद्या जगल्या, अंगानेही बऱ्या दिसत होत्या. पावसाच्या तोंडावर एका मादीच्या पोटाखालचा रुंद पडदा हळूच उचलून पाहिला. अंडी होती, पण विरळ आणि फिकट. चार दिवसांनी तीच अंडी टाकीच्या तळाला बुरशी धरून पडली होती. पुढच्या वर्षी दिवाळीपासूनच ओढ्यातल्या गोगलगायी फोडून घातल्या, गांडुळे घातली, शिंपल्यांचे मांस आणि कोकणातून येणारा सुका जवळा घातला. कुजका पाला होताच. त्या पावसात अंडी गडद नारिंगी आली, आणि काही आठवड्यांनी त्याच पडद्याखाली ज्वारीच्या दाण्याएवढी पिल्ले एकमेकांना चिकटून वळवळत होती. माझ्या आईने ती पाहिली आणि त्या दिवशी टाकीजवळ कुणाला मोठ्याने बोलूही दिले नाही.

माझ्या दोन टाक्या म्हणजे शास्त्र नव्हे. पण यामागचे कारण शास्त्राला केव्हाच ठाऊक आहे. खेकड्याला आणि कोळंबीला कोलेस्टेरॉल स्वतःच्या शरीरात बनवता येत नाही, ते अन्नातूनच मिळावे लागते. कात टाकायला लावणारे संप्रेरकही त्यापासूनच तयार होते. अंड्याला नारिंगी रंग देणारे द्रव्य बाहेरूनच येते. अंड्याला लागणारी खास मेदाम्ले मासे, माकूळ (स्क्विड), शिंपले यांच्या मांसात भरपूर असतात. पेंडीत आणि कोंड्यात यातले जवळजवळ काहीच नाही. मादी हा साठा आधी यकृतासारख्या एका ग्रंथीत करते आणि मग तो अंडाशयाकडे वळवते. म्हणूनच समुद्री खेकड्याची पिल्ले तयार करणाऱ्या बीजकेंद्रांत माद्यांना एकच एक खाद्य न देता माकूळ, शिंपले, मासे असे आलटून पालटून देतात.

आमच्या ओढ्याच्या खेकडीला तर याची गरज जास्त आहे. खाडीतली मोठी चिंबोरी एका वेळी दहा लाखांहून जास्त अंडी धरते. त्यातून निघालेल्या अळ्यांना नंतर बाहेरून खाऊ घालता येते. गोड्या पाण्यातली खेकडी शेकड्यांतच अंडी घालते. अंडी मोठी असतात, आणि अळीची सगळी अवस्था अंड्यातच संपून बाहेर येतो तो थेट इवलासा खेकडा. तोवरची सगळी शिदोरी आईने आधी खाल्लेल्या अन्नातलीच. ती कमी पडली तर नंतर कुणी काही करू शकत नाही.

वीण फसली की पाळणारा माणूस काय करतो? पहिल्या पावसात बॅटरी घेऊन ओढ्यावर जातो आणि पोटाशी पिल्ले असलेल्या माद्या उचलून आणतो. आणि याला आपण पालन म्हणतो! ओढे रिकामे होत चाललेत, साहेब. हे मला फार लागते.

आणि खाद्याचा कच्चा माल आपल्याच दारात आहे. घाट चढून रोज कोल्हापुरात मासळी येते. कोळंबीची डोकी, माकुळाची आतडी बाजारातून कचऱ्यात जातात. खेकडीला जे लागते तेच नेमके त्यात आहे. ती वाळवून, दळून, शिंपल्याचा चुना मिसळून कांडी करता येईल. त्याच्या चाचण्या शिवाजी विद्यापीठाच्या प्राणिशास्त्र विभागाकडे सोपवाव्यात, इथल्याच खेकड्यांवर. टाकीच्या अनुदानात मादीच्या खाद्याचा खर्च धरावा. आणि अनुदान घेणाऱ्याने पोटाशी पिल्ले असलेल्या माद्या ओढ्यातून आणू नयेत, अशी अट घालावी. मी ती आनंदाने पाळीन.

मादीचा साठा भरायला हिवाळा आणि उन्हाळा लागतो. पुढच्या पावसातली वीण साधायची, तर चांगले खाद्य दिवाळीपासून सुरू व्हायला हवे. निर्णय त्याआधी व्हावा, एवढीच विनंती.

आपला,
गगनबावडा तालुक्यातील एक शेतकरी