वसतिगृहातल्या ताईला आभाराचं पत्र

प्रिय ताई,

हे पत्र सगळ्यांसमोर लिहितेय, कारण तू माझ्यासाठी जे केलंस ते दुसऱ्या कुणालाही करता येण्यासारखं आहे. नाव लिहिलेलं तुला आवडणार नाही, म्हणून नुसतं ताई.

गणिताच्या एम.एस्सी.च्या पहिल्या सत्रात माझा रिअल अ‍ॅनालिसिस राहिला. वर्गात आणखीही बऱ्याच जणांचा राहिला होता. ते चार दिवस खट्टू होते, मग फॉर्म भरून पुढच्या तयारीला लागले. माझ्या डोक्यात मात्र त्या एका विषयाचं पार आयुष्य होऊन बसलं. मी मुळातच ढ आहे, परभणीत पहिली यायचे ते तिथे स्पर्धा नव्हती म्हणून, पुढेही असंच होणार, घरच्यांनी माझ्यावर घातलेले पैसे वाया गेले. मेसला जाणं सुटलं. पहाटे तीनला झोप उडायची ती उडायचीच. ज्या गणितांसाठी पुण्याला आले, त्यांना हात लावावासा वाटेना.

आपण एका खोलीत राहायचो आणि तुझं मानसशास्त्राचं एम.ए. चालू होतं. अ‍ॅरन बेक या अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांचं नाव मी पहिल्यांदा तुझ्याकडून ऐकलं. नैराश्यात माणूस स्वतःकडे, जगाकडे आणि भविष्याकडे, तिन्हीकडे काळ्या नजरेने बघायला लागतो, ही त्यांची १९६०च्या दशकातली मांडणी तू मला माझ्याच वाक्यांवरून दाखवलीस. मानसशास्त्रज्ञ गेराल्ड मेटाल्स्की आणि सहकाऱ्यांचा १९८७ सालचा अभ्यास तर माझ्यावरच केलाय असं वाटलं. चाचणीचे गुण कळल्याबरोबर विद्यार्थी किती खचतो हे गुणांवर ठरतं, पण ती खिन्नता टिकते की ओसरते, हे त्या गुणांचा तो काय अर्थ लावतो त्यावर ठरतं. तोवर मी स्वतःला मनाने कमकुवत समजत होते. अर्थ लावायची एक सवय असते, ती एरवी गप्प असते आणि ताण आला की डोकं वर काढते, हे कळल्यावर पहिल्यांदा वाटलं की यावर काही करता येईल.

मग तू दोनशे पानी वही आणलीस. एका बाजूला काय घडलं, त्याखाली मनात आलेलं वाक्य जसंच्या तसं, आणि समोरच्या पानावर त्या वाक्याच्या बाजूचा आणि विरुद्धचा पुरावा. 'सगळ्यांना जमतं, मलाच जमत नाही' असं लिहिलं, तर तू मला सूचनाफलकापाशी नेऊन पूर्ण निकाल वाचायला लावलास. 'मी ढ आहे' लिहिलं, तेव्हा विचारलंस, "मग माझ्या सांख्यिकीच्या पेपरची गणितं रात्री मला कोण समजावून देतं?" मी काहीच बोलले नाही. तू म्हणालीस, "हे पण लिही."

पण ताई, मी तुझी सर्वांत जास्त ऋणी आहे ती वेगळ्याच गोष्टीसाठी. 'सकारात्मक विचार कर' हे तू मला एकदाही म्हणाली नाहीस. वहीत मी लिहिलं होतं, 'शिष्यवृत्ती आली नाही, मेसचे पैसे थकलेत.' त्यावर तू पुरावा मागितला नाहीस. तू म्हणालीस, "हे खरं आहे. याला विचार बदलून भागणार नाही." आणि दुसऱ्या दिवशी माझ्याबरोबर शिष्यवृत्तीच्या खिडकीपुढे उभी राहिलीस, कागद पुरे करून दिलेस. विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्यावर मी नंतर जी भाषणं ऐकली, त्यांत हा फरक फार थोड्यांनी केला. पैशांची ओढाताण, इंग्रजी न आल्याने वर्गात होणारी कुचंबणा, जातीवरून मारलेले टोमणे, यांना कुणी विचारांची चूक म्हणालं की मुलं पुन्हा तोंड उघडत नाहीत. तू आधी दोन्ही वेगळं करायचीस, म्हणून मी तुझ्याशी बोलू शकले.

संध्याकाळी मी खाटेवर पडून तेच तेच उगाळत बसले की तू चपला पुढे सरकवायचीस आणि आपण वेताळ टेकडीवर जायचो. तिथे निकालाचा विषय काढायचा नाही, एवढीच तुझी अट. ऑक्टोबर १९८९ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरात भूकंप झाला, त्याच्या थोडेच दिवस आधी स्टॅनफर्डच्या विद्यार्थ्यांनी मानसशास्त्रज्ञ सुझन नोलन-होक्सेमा यांच्या प्रश्नावल्या योगायोगाने भरून दिल्या होत्या. ज्यांना दुःख उगाळत बसायची सवय आधीपासून होती, त्यांच्यात भूकंपानंतर सात आठवड्यांनीही खिन्नता जास्त आढळली. हे मी पुष्कळ नंतर वाचलं आणि टेकडीची चढण आठवली.

आणि एका रात्री तू सरळ विचारलंस, "जीव द्यावासा वाटतो का?" असं विचारलं तर नसलेलं डोक्यात येईल, अशी भीती पुष्कळांना असते. तसं होत नाही, हे संशोधनातून पुढे आलेलं आहे. मला तर कुणीतरी विचारल्याने सुटल्यासारखं झालं. "हे माझ्या एकटीच्या आवाक्यातलं नाही," असं स्पष्ट सांगून तू मला समुपदेशकांकडे आणि तिथून मानसोपचारतज्ज्ञांकडे नेलंस. ओपीडीच्या रांगेत पुस्तक वाचत माझ्या शेजारी बसलीस. मी गोळ्या घेतल्या, वही चालू ठेवली, आणि हळूहळू झोप परत आली. तेव्हा टेलिमानस ही सरकारची मानसिक आरोग्याची हेल्पलाइन नव्हती. ऑक्टोबर २०२२ पासून १४४१६ वर मोफत, मराठीतही बोलता येतं. माझ्या विद्यार्थ्यांना मी तो नंबर पहिल्याच तासाला लिहून देते.

आता तुला एक विचारायचं आहे. अमेरिकेतल्या नोटर डेम विद्यापीठातल्या जेराल्ड हेफेल आणि जेनिफर हेम्स यांचा एक अभ्यास २०१४ साली छापून आला. पहिल्या वर्षाच्या मुलांना खोलीतला जोडीदार चिठ्ठी टाकावी तसा मिळालेला. काही महिन्यांत त्यांची अर्थ लावायची सवय एकमेकांकडे झुकू लागली. ज्याचा जोडीदार अपयशाचा काळाकुट्ट अर्थ लावणारा, त्याचीही सवय तशी होऊ लागली, आणि ज्याचा जोडीदार तसा नव्हता, त्याची सुधारली. माझी तुझ्यामुळे सुधारली, हे मला ठाऊकच होतं. पण त्या खोलीत माझी वाक्यं दोन वर्षं तूही ऐकत होतीस. तेव्हा तुझा प्रबंध होता, नेटची परीक्षा होती, घरी बाबांचं आजारपण होतं. तुझी वही कोण वाचत होतं, ताई? कुणी नसेल, तर यापुढे मला लिहीत जा. परभणीहून पुण्याची गाडी रात्री निघते आणि सकाळी पोचते.

तुझी,
खोलीतली धाकटी