संध्याकाळी सहानंतरची तपासणी

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या दैनिकाच्या कोल्हापूरच्या पानावर अधूनमधून एक छायाचित्र हमखास असते. कोणाच्या तरी वाढदिवसानिमित्त किंवा पुण्यतिथीनिमित्त एखाद्या निवासी संस्थेत झालेल्या फळवाटपाचे ते असते आणि खाली ‘मतिमंद मुलांना खाऊवाटप’ अशी ओळ असते. त्या छायाचित्रात मागच्या रांगेत उभ्या असलेल्या काही ‘मुलां’चे केस पिकलेले असतात. त्यांपैकी एक माझा धाकटा भाऊ आहे. त्याचे वय 46 आहे, त्याला बौद्धिक अक्षमता आणि स्वमग्नता (ऑटिझम) दोन्ही आहेत, आणि ध्वनिक्षेपक सुरू झाला की तो दोन्ही कानांवर हात ठेवतो, म्हणून छायाचित्रात त्याचा चेहरा नीट येत नाही. फळे वाटणाऱ्यांच्या हेतूविषयी मला शंका नाही. पण अशा संस्थांची गुणवत्ता आपण, म्हणजे समाजाने आणि शासनानेही, दुपारी बारा ते दोन या वेळेतच पाहतो, असे मला गेल्या काही वर्षांच्या अनुभवावरून वाटू लागले आहे आणि त्याविषयी हे पत्र आहे.

भाऊ 18 वर्षांचा होईपर्यंत विशेष शाळेत होता. नंतर बरीच वर्षे एका कार्यशाळेत कागदी पिशव्या करत असे. संध्याकाळी वडील त्याला केएमटीच्या बसने रंकाळ्यावर नेत. बस तीच, शक्यतो आसनही तेच, आणि रात्री जेवण झाल्यावर दोघे अकरापर्यंत आकाशवाणी ऐकत बसत. वडील 2012 मध्ये गेले, आई त्यानंतर चार वर्षांनी. ‘आमच्यामागे याचे काय,’ हा प्रश्न अशा प्रत्येक घरात आईवडील शेवटपर्यंत विचारत राहतात. आमच्या घरात तो माझ्या वाट्याला आला आणि माझे स्वतःचे आजारपण व दोन खोल्यांचे घर पाहता त्याला निवासी संस्थेत ठेवण्याचा निर्णय मी घेतला.

त्याला प्रथम ठेवले ती जिल्ह्यातील संस्था पाहून आम्ही सारे भारावून गेलो होतो. चकचकीत फरशी, सौर बंब, बाग, प्रत्येक खोलीबाहेर कॅमेरा. नोंदणी प्रमाणपत्र काचेच्या चौकटीत लावलेले होते. मी त्या वेळी एकच प्रश्न विचारायला हवा होता, रात्रीचे जेवण किती वाजता असते, आणि तो मला सुचला नाही. जेवण साडेसहाला असे, कारण स्वयंपाकाच्या मावशींना गावाकडची शेवटची एसटी पकडायची असे. आठला दिवे बंद. मजल्यावर 26 पुरुष आणि रात्री त्यांच्यासाठी एकच मामा, म्हणजे काळजीवाहक. तोही सकाळपासून राबलेला. आयुष्यात कधी अकराच्या आत न झोपलेला माणूस आठ वाजता अंधारात पडून काय करणार? तो उठे, येरझाऱ्या घाली, दार वाजवी, मग इतर जागे होत. महिन्याभरात त्याच्या नोंदवहीत ‘रात्री त्रास देतो’ असा शेरा पडला आणि त्या शेऱ्यावर औषध सुरू झाले.

दिवाळीला त्याला घरी आणले तेव्हा त्याचे हात थरथरत होते, तोंडातून लाळ गळत होती, वजन नऊ किलोंनी वाढले होते आणि तीन दिवस पोट साफ झाले नव्हते. शहरातील एका मनोविकारतज्ज्ञांना कागद दाखवले. ते औषध झोपेचे नव्हतेच. तीव्र मानसिक आजारासाठी द्यायच्या गटातले होते. अशा औषधांना त्यांची जागा आहे, हे मला मान्य आहे. स्वमग्न व्यक्तीची चिडचिड किंवा स्वतःला इजा करून घेणे फार वाढले, तर डॉक्टर ती विचारपूर्वक देतात आणि अनेक कुटुंबांना त्यांचा उपयोगही झाला आहे. पण माणूस अपुरे मनुष्यबळ असलेल्या वेळापत्रकात बसत नाही म्हणून त्याला गोळी देणे, हा उपचार नव्हे. मात्रा हळूहळू कमी करण्यात आमचे पाच महिने गेले. त्याच काळात तो स्वतःच्या जबड्यावर बुक्की मारतो, हे माझ्या लक्षात आले. संस्थेत त्याला ‘आक्रमकपणा’ म्हटले गेले होते. दंतवैद्याकडे नेल्यावर किडलेली दाढ निघाली. ज्याला दुखते म्हणून सांगता येत नाही, तो माणूस वागण्यातून सांगतो. ते वाचायला त्याला रोज पाहणारे, त्याला ओळखणारे कोणी तरी लागते.

हा प्रकार केवळ आपल्याकडे घडतो असेही नाही. इंग्लंडच्या सार्वजनिक आरोग्य यंत्रणेने 2015 मध्ये काढलेल्या अंदाजानुसार तेथे बौद्धिक अक्षमता असलेले 30 ते 35 हजार प्रौढ रोज अशी मनोविकारावरील औषधे घेत होते, ज्यांची गरज दाखवणारे निदान त्यांच्या कागदांवर नव्हते. पुढच्याच वर्षी तेथील आरोग्य सेवेने ही औषधे तपासून कमी करण्याची मोहीम हाती घेतली. आपल्याकडे किमान मोजायला तरी सुरुवात व्हावी.

कायद्याची अडचण आहे असे मला वाटत नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, 2016 नुसार नोंदणीशिवाय अशी संस्था चालवता येत नाही. त्याच कायद्याच्या पाचव्या कलमाने दिव्यांग व्यक्तीला समाजात राहण्याचा हक्क दिला आहे आणि अमुकच व्यवस्थेत राहण्याची सक्ती तिच्यावर करता येत नाही असे म्हटले आहे. छळ होत असल्याचे वाटले, तर सातव्या कलमाखाली कोणीही कार्यकारी दंडाधिकाऱ्यांना कळवू शकतो. त्याआधीच्या 1999 च्या राष्ट्रीय न्यास कायद्याने स्थानिक स्तर समिती दिली आहे. तिच्यात जिल्हा दंडाधिकारी, एका नोंदणीकृत संस्थेचे प्रतिनिधी आणि एक दिव्यांग व्यक्ती असते. या समितीनेच मला भावाची कायदेशीर पालक नेमले. त्यामुळे दर आर्थिक वर्ष संपल्यावर मला त्याच्या मालमत्तेचा हिशेब सादर करावा लागतो. बँकेतील ठेव, व्याज, खर्च, सारे काही. त्याच्या दिवसाचा हिशेब मात्र आजवर कोणी मागितलेला नाही.

पहिल्या संस्थेची तपासणी होत नव्हती असे नाही. मी तेथे असताना एकदा तपासणी झाली. आदल्या दिवशी दूरध्वनी आला होता, त्यामुळे चादरी बदललेल्या होत्या आणि आदल्या महिन्याच्या भेटी नोंदवहीत भरून झाल्या होत्या. अधिकाऱ्यांनी हजेरीपट, किराणा बिले, अग्निशमन नळकांडे आणि स्वच्छतागृहे पाहिली, चहा घेतला आणि साडेतीनला ते गेले. त्यांचे काही चुकले असे मी म्हणणार नाही. त्यांच्या हातातल्या नमुन्यात जे रकाने होते ते त्यांनी भरले. पण माझ्या भावाचे अवघड तास त्यानंतर तीन तासांनी सुरू होत होते आणि त्या तासांसाठी नमुन्यात रकानाच नव्हता.

याचे एक कारण मला आपल्या गावच्या इतिहासात दिसते. हे माझे वैयक्तिक मत आहे. राजर्षी शाहू महाराजांनी 1901 पासून कोल्हापुरात जातीजातींच्या विद्यार्थ्यांसाठी वसतिगृहे उभी केली किंवा उभी करायला मदत केली. हे शहर वसतिगृहांचे म्हणून ओळखले गेले आणि माझ्या वडिलांचे शिक्षणही अशाच एका बोर्डिंगात झाले. त्यामुळे ‘निवासी संस्था’ म्हटले की आमच्या डोळ्यांसमोर बोर्डिंग उभे राहते. घंटा, रांग, ठरलेल्या वेळी जेवण, ठरलेल्या वेळी दिवे बंद. विद्यार्थ्याला ते सोसते, कारण त्याला मॅट्रिक होऊन बाहेर पडायचे असते आणि मे महिन्यात घरी जायचे असते. माझ्या भावाला तेथे 30-35 वर्षे काढायची आहेत. त्याच्यासाठी ती जागा वसतिगृह नसून घर आहे, आणि घरात रात्री नऊ वाजता पाणी पिण्यासाठी कोणाची परवानगी लागत नाही.

अत्याचाराच्या बातम्या आल्या की सगळे जागे होतात. रायगड जिल्ह्यातील कळंबोलीच्या निवासी संस्थेत बौद्धिक अक्षम मुलींवर झालेले अत्याचार 2011 मध्ये उघड झाले आणि 2013 मध्ये संस्थापकासह इतरांना न्यायालयाने दोषी ठरवले. त्याच 2011 साली इंग्लंडमध्ये ब्रिस्टॉलजवळच्या विंटरबोर्न व्ह्यू या खासगी रुग्णालयात बौद्धिक अक्षम आणि स्वमग्न प्रौढांना होणारी मारहाण बीबीसीच्या एका वार्ताहराने तेथे काळजीवाहक म्हणून नोकरी धरून चित्रित केली. 11 कर्मचाऱ्यांना शिक्षा झाली, त्यांपैकी सहा जण तुरुंगात गेले. तेथे पैशाची ददात नव्हती, एका व्यक्तीमागे आठवड्याला सुमारे 3,500 पौंड घेतले जात होते. ते नियामक यंत्रणेकडे नोंदलेले होते. इतकेच नव्हे, तर तेथील एका परिचारकाने आधीच व्यवस्थापनाला आणि नियामकांना लेखी कळवले होते, त्याची वेळीच दखल घेतली गेली नाही. आपल्या संस्थाचालकांपैकी बहुतेक जण प्रामाणिकपणे काम करतात आणि त्यांना या पंक्तीत बसवण्याचा माझा हेतू नाही. मात्र उत्तम इमारत, भरपूर शुल्क आणि नोंदणी या तिन्ही गोष्टी असूनही आतले जगणे बाहेरच्या कोणाला दिसत नाही, एवढे यातून कळते.

भाऊ 2018 पासून दुसऱ्या संस्थेत आहे. तिचे छप्पर पत्र्याचे आहे, बाग नाही, सौर बंब दोनदा बिघडला. जेवण सव्वाआठला असते. स्वयंपाक संस्थेतच राहणाऱ्या दोन मावशी करतात आणि भाऊ रोज संध्याकाळी त्यांच्याशेजारी बसून लसूण सोलतो, अर्धा किलोही सोलतो, आणि पाकळ्या आकारानुसार वेगळ्या लावतो. त्या वेगळ्या लावल्याने भाजीला काही फरक पडत नाही, पण मावशी त्या एकत्र करत नाहीत. त्यानंतर तो एका कोपऱ्यात साडेदहापर्यंत रेडिओ ऐकतो. ते औषध आता बंद आहे. ऑगस्ट 2019 च्या महापुरात महामार्ग शिरोलीजवळ पाण्याखाली गेला आणि मला आठवडाभर तिकडे जाता आले नाही, तेव्हा याच दोन मावशी पाळी बदलायला कोणी येऊ न शकल्याने सलग सहा दिवस कामावर राहिल्या. वीज नव्हती. मेणबत्तीच्या उजेडात लसूण सोलणे चालू राहिले, असे त्यांनी मला नंतर हसत सांगितले. या स्त्रियांचा पगार घरकाम करणाऱ्या बाईच्या मिळकतीपेक्षा कमी आहे. संस्थेला दोष द्यावा तर तिच्याकडेही पैसा नाही. लोक इमारतीच्या कोनशिलेसाठी देणगी देतात, मावशीच्या पगारासाठी देत नाहीत.

माझ्या भावाला निदान धावून जाणारी बहीण आहे. ज्यांना कोणीच नाही, त्यांचे काय? अमरावती जिल्ह्यातील वझ्झर येथील शंकरबाबा पापळकर यांनी बेवारस दिव्यांग मुलांना 18 वर्षे पूर्ण झाल्यावर संस्थेबाहेर काढू नये, ही मागणी वर्षानुवर्षे लावून धरली. त्यांना 2024 मध्ये पद्मश्री मिळाली. त्या मागणीला जोडूनच, संस्थेत आयुष्यभर राहणाऱ्या प्रौढांचे आयुष्य कसे असावे, हेही शासनाने ठरवायला हवे.

माझी जिल्हा प्रशासनाला विनंती आहे की वर्षातील निम्म्या तपासण्या तरी संध्याकाळी सहानंतर किंवा रविवारी आणि पूर्वसूचनेशिवाय व्हाव्यात, आणि त्यांत स्थानिक स्तर समितीसोबत एक विशेष शिक्षक व तपासणी होत असलेल्या संस्थेबाहेरच्या एखाद्या संस्थेतील रहिवाशाचा पालक असावा. रात्री किती जणांमागे किती कर्मचारी जागे आहेत, हा आकडा नोंदणी प्रमाणपत्राशेजारी दर्शनी भागात लावणे बंधनकारक करावे. मनोविकारावरील औषध घेणाऱ्या प्रत्येक रहिवाशाची दर सहा महिन्यांनी संस्थेशी संबंध नसलेल्या मनोविकारतज्ज्ञाकडून, शक्य तर कोल्हापूरच्या सरकारी सीपीआर रुग्णालयात, फेरतपासणी व्हावी आणि औषध का दिले याचे कारण पालकाला लेखी मिळावे. ज्यांना बोलता येते त्यांना अधिकाऱ्यांनी एकट्याने विचारावे, ज्यांना येत नाही त्यांच्याजवळ तासभर बसावे. याला फारसा निधी लागत नाही. वाढदिवस साजरा करणाऱ्या नागरिकांनाही सांगावेसे वाटते की दुपारच्या जेवणाऐवजी एका मावशीचा एक महिन्याचा पगार द्यावा, आणि यायचेच असेल तर ध्वनिक्षेपक न आणता संध्याकाळी कॅरम खेळायला यावे.

माझा भाऊ राहतो त्या संस्थेचे दार रात्री नऊपर्यंत उघडे असते. प्रशासनाने संध्याकाळच्या तपासणीची सुरुवात तेथून केली तरी संस्थाचालकांची हरकत नाही, तसे त्यांनी मला हे पत्र लिहिण्यापूर्वी सांगितले आहे. फक्त येण्याआधी दूरध्वनी करू नये.

आपली विश्वासू,
एका रहिवाशाची थोरली बहीण
राजारामपुरी, कोल्हापूर
(नाव व पत्ता संपादकांकडे दिला आहे.)