सफरचंदावरचे मेण आणि ओघळलेले कॅरामल

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत मुलांसाठी ‘कॅरामल ॲपल’ची, म्हणजे काडी टोचून साखर-लोण्याच्या घट्ट पाकात बुडवलेल्या सफरचंदांची कृती आली होती. ती वाचून सांगलीच्या माझ्या धाकट्या बहिणीने नातवंडांसाठी आठ सफरचंदे केली आणि रात्री व्हिडिओ कॉलवर मला ताट दाखवले. कॅरामल सगळे ताटात साचलेले आणि काड्या टोचलेली सफरचंदे वर उघडीबोडकी. ‘ताई, पाक अगदी गोळीबंद झाला होता गं, मग चिकटला का नाही?’ मुले हिरमुसून झोपली होती. मला फार वाईट वाटले, म्हणून हे पत्र.

मी गेली २२ वर्षे मिशिगनमध्ये, ग्रँड रॅपिड्सजवळ राहते. आमच्या भागात सफरचंदाच्या बागाच बागा आहेत. हॅलोविनच्या आधी शेजारपाजारच्या मुलांसाठी मी दरवर्षी तीसेक कॅरामल ॲपल करते.

पुरवणीतल्या कृतीत पाकाबद्दल बरेच आहे, सफरचंदाबद्दल मात्र ‘स्वच्छ धुऊन घ्या’ एवढेच. सगळी गोम तिथेच आहे. बागेतून आलेले सफरचंद विक्रीआधी धुताना त्याच्या सालीवरचे मूळचे मेण बरेचसे निघून जाते. मग ते टिकावे आणि चकाकावे म्हणून त्यावर कार्नोबा मेणाचा किंवा लाखेपासून केलेल्या लेपाचा पातळ थर देतात. तो खाल्ल्याने अपाय होत नाही, पण कॅरामलला त्यावर पकड मिळत नाही. साध्या पाण्याने हे मेण हलत नाही. पातेल्यात पाणी खळखळ उकळवायचे, झाऱ्यावर एकेक सफरचंद ठेवून पाच ते दहा सेकंद बुडवायचे आणि लगेच खरखरीत पंचाने चोळून पुसायचे. पुसताना चकाकी जाऊन साल मंद, धुरकट दिसू लागते. अंगठा फिरवला की तो सरकत नाही, किंचित अडतो. तो अडला की मेण गेले. सफरचंद जास्त वेळ ठेवले तर मात्र साल शिजते. इथे मी बागेतून बिनमेणाची आणते, तरीही चोळून पुसतेच.

बहिणीची दुसरी अडचण फ्रिजची. गार सफरचंद सांगलीच्या ऑक्टोबरच्या हवेत बाहेर काढले की त्याला घाम फुटतो आणि त्या पाण्यावरून कॅरामल घसरते. पुसलेली सफरचंदे पंख्याखाली तासभर ठेवावीत. देठाची खळगी विसरू नये, पाणी तिथेच लपून बसते. काडी खुपसायची ती सगळे कोरडे झाल्यावर, देठाच्या बाजूनेच.

आता पाक. दहा-बारा लहान सफरचंदांना मी २ कप ब्राउन शुगर, १ कप लोणी, १ कप कॉर्न सिरप आणि ४०० ग्रॅमचा कंडेन्स्ड मिल्कचा डबा घेते. जाड बुडाच्या पातेल्यात, मध्यम आचेवर, हात न थांबवता ढवळायचे, नाहीतर दूध तळाला लागते. कॉर्न सिरप वगळू नये, त्याने पाक साखरत नाही. साखरेच्या पाकात आपण लिंबू पिळतो ते याचसाठी, पण इथे दूध असल्याने लिंबू चालत नाही. तिकडे केकचे सामान मिळते त्या दुकानात लिक्विड ग्लुकोज असते, ते वापरावे. थर्मामीटर असेल तर ११८ ते १२० अंश सेल्सिअस. नसेल तर आमची आई संक्रांतीला वाटीतल्या गार पाण्यात पाकाचा थेंब टाकून बघायची तसे बघावे. बोटांत घट्ट पण दाबता येणारी गोळी वळली की आच बंद.

आणि थांबावे! बहिणीने उकळत्या कॅरामलमध्येच सफरचंदे बुडवली. इतके गरम कॅरामल पातळ असते, त्यातले थोडेच अंगाला लागते आणि उरलेले वाहून जाते. शिवाय सालीखालचा रस सुटून थराखाली ओल धरते. बुडबुडे पूर्ण बसू द्यावेत, कॅरामल ९० अंशांच्या आसपास येऊ द्यावे. चमच्यावरून ते रुंद पट्टीसारखे सावकाश पडू लागले की बुडवावे, काडी उलटी धरून जास्तीचे निथळू द्यावे, बूड पातेल्याच्या काठावर निरपावे आणि लोणी लावलेल्या बटर पेपरवर ठेवावे. हे काम मोठ्यांनीच करावे. पाकाचा चटका पाण्याच्या चटक्याहून वाईट, तो कातडीला चिकटून राहतो.

पुरवणीत ‘आठवडाभर बाहेर टिकतात’ असेही छापले आहे. ते वाचून मला धस्स झाले. २०१४च्या अखेरीस अमेरिकेत बाजारातल्या कॅरामल ॲपलमधून लिस्टेरिया जिवाणूचा संसर्ग होऊन १२ राज्यांतले ३५ जण आजारी पडले, त्यांतल्या किमान तिघांच्या मृत्यूला तो कारणीभूत ठरला. काडी टोचली की रस वर येतो, साल आणि कॅरामल यांच्यामध्ये साचतो आणि बाहेरच्या उबेत जिवाणूंना तिथे आयती जागा मिळते. मी केलेली सफरचंदे त्याच दिवशी वाटते, उरलेली फ्रिजमध्ये ठेवते. गर्भवती आणि वृद्धांच्या बाबतीत तर विशेष जपावे.

आपली पुरवणी घरोघरी कापून ठेवली जाते. आमच्या बहिणीकडे तर अशा कात्रणांची वहीच आहे. मेण काढण्याची रीत आणि उरलेली सफरचंदे फ्रिजमध्ये ठेवण्याची सूचना, एवढ्या दोन ओळी कृपया पुढच्या रविवारी त्याच पानावर छापाव्यात. ती मुलांना घेऊन पुन्हा करणार आहे.

आपली एक वाचक,
ग्रँड रॅपिड्स, मिशिगन (मूळ गाव सांगली)