‘अस्सल नीलम’ एवढे लिहिणे पुरेसे नाही

संपादक महोदय,

आपल्या पुरवणीत रत्नजडित दागिन्यांवर आलेला लेख वाचला. त्यात नीलमाविषयी ‘जितका गडद, तितका उंची’ असे विधान आहे आणि खडा अस्सल असल्याची खात्री करून घ्यावी, असा सल्लाही आहे. विधान चुकीचे आहे. सल्ला चुकीचा नसला तरी अपुरा आहे, आणि त्या अपुरेपणाचा फटका आमच्याच घरात बसलेला असल्यामुळे हे पत्र लिहीत आहे.

माझ्या बहिणीने काही वर्षांपूर्वी नीलमाची अंगठी घेतली. पावतीवर ‘अस्सल नीलम’ आणि वजन, एवढेच लिहिले होते. पुढे अंगठी सैल होऊ लागली म्हणून ती लहान करायला दिली. कारागिराने नेहमीच्या पद्धतीने कडे कापून ज्योतीवर सांधले आणि सोने उजळण्यासाठी अंगठी आम्लात बुडवली. ती परत आली तेव्हा खड्याच्या पोटात कोळ्याच्या जाळ्यासारख्या पांढुरक्या चिरा दिसत होत्या. आम्ही सगळा दोष कारागिराच्या माथी मारून मोकळे होणार होतो. पण रत्नपरीक्षकाने खडा सूक्ष्मदर्शकाखाली धरल्यावर निराळेच निघाले. खडा मुळातच भेगाळलेला होता आणि त्या भेगांमध्ये कोबाल्टने निळी केलेली शिसेयुक्त काच भरलेली होती. ज्योतीची धग आणि आम्ल यांच्यापुढे नीलम टिकला, काच टिकली नाही. अशी काच लिंबाच्या रसानेही खराब होते, हे आम्हाला तेव्हा कळले.

म्हणजे पावतीवरचा ‘नीलम’ हा शब्द अगदीच खोटा नव्हता, आणि खरी अडचण तीच आहे. नीलम म्हणजे कुरुंद, ॲल्युमिनियमचे ऑक्साइड. ज्या खनिजाची हलकी जात सहाणेच्या चाकांत आणि घासकागदात वापरली जाते, तेच स्फटिकरूपात पारदर्शक आणि रंगीत मिळाले की रत्न होते. क्रोमियममुळे लाल झाले तर माणिक, लोह व टायटॅनियमच्या लेशमात्र अंशाने निळे झाले तर नीलम. पिवळ्या नीलमाला बाजारात पुष्कराज म्हणतात आणि टोपॅझ या अगदी वेगळ्या खनिजालाही पुष्कराजच म्हणतात, त्यामुळे पिवळा खडा घेणाऱ्याने खनिजाचे नाव आधी विचारलेले बरे. पण खनिज ठरले म्हणून प्रश्न संपत नाही. त्यावर काय केले आहे, हे विचारावेच लागते.

बाजारातले बहुतेक नीलम तापवलेले असतात. त्यात लपवण्यासारखे काही नाही. खड्यातल्या रुटाइल या टायटॅनियमयुक्त खनिजाच्या अतिसूक्ष्म सुया, ज्यांना या व्यवसायात ‘रेशीम’ म्हणतात, खडा धुरकट करतात. १,५०० अंश सेल्सिअसच्या पुढे तापवले की त्या विरघळतात, त्यांतले टायटॅनियम मोकळे होते आणि लोहाच्या जोडीने निळा रंग भरते. श्रीलंकेचे ‘गेउडा’ नावाचे दुधाळ खडे पूर्वी जवळजवळ टाकाऊ समजले जात; १९७० च्या दशकात ते भट्टीत घालून निळे करण्याची रीत रुळली आणि त्यांचे भाग्य पालटले. हा रंग कायमचा असतो. न तापवता चांगला निळा असलेला खडा दुर्मीळ, म्हणून त्याचे मोल अधिक, इतकेच. बाहेरून टायटॅनियम मुरवलेल्या खड्याचा रंग मात्र पृष्ठालगतच्या पातळ थरात असतो आणि पैलू पुन्हा घासले की निघून जाऊ शकतो. बेरिलियम मुरवले तर रंग आतपर्यंत पोचतो आणि ते साध्या भिंगाने ओळखता येत नाही. त्याला प्रयोगशाळाच हवी. प्रयोगशाळेत वाढवलेल्या नीलमाचेही तसेच आहे. ज्वालेत कुरुंद वाढवण्याची फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ व्हर्नुई यांची पद्धत १९०२ मध्ये जाहीर झाली आणि तिने बनवलेला खडा रसायनाने व कठिणपणाने निसर्गातल्या खड्यासारखाच असतो, त्यामुळे ओरखडा पाडून पाहण्यासारख्या घरगुती कसोट्या इथे निरुपयोगी आहेत. त्यातल्या वक्र रेषा आणि बुडबुडे जाणकारालाच दिसतात.

आता गडदपणाविषयी. लोहाचे प्रमाण फार असले की खडा शाईसारखा काळपट होतो आणि दिव्याच्या उजेडात तर काळाच दिसतो. काश्मीरमध्ये पाडरच्या डोंगरात १८८० च्या दशकात सापडलेल्या ज्या नीलमांचे नाव आजही आदराने घेतले जाते, त्यांचा निळा रंग मखमली आणि भरीव आहे, काळपट नाही. तेव्हा खडा खिडकीपाशी नेऊन दिवसाच्या उजेडात आणि मग पिवळ्या दिव्याखाली, असा दोनदा पाहावा. दुकानातल्या झगझगीत दिव्यांखाली सगळेच खडे देखणे दिसतात. नीलम एका दिशेने जांभळट निळा आणि दुसऱ्या दिशेने हिरवट निळा दिसतो, आणि पैलू पाडणाऱ्याने वजन राखण्यासाठी चुकीची दिशा धरली असेल तर वरून हिरवट झाक येते. सुटा खडा आपल्या वृत्तपत्राच्या एखाद्या ओळीवर ठेवून वरून पाहावे. मधोमध अक्षरे वाचता आली तर खडा उथळ कापलेला आहे, उजेड परत फिरण्याऐवजी आरपार निघून जातो आणि रंग मध्यभागी फिका पडतो. उलट, ज्याचे पोट फुगलेले आहे त्यात कोंदणाखाली दडणाऱ्या वजनाचे पैसे आपण मोजतो. वजनावरून आकाराचा अंदाज करणाऱ्यांनी हेही ध्यानात घ्यावे की नीलम हिऱ्यापेक्षा घन आहे, त्यामुळे त्याच कॅरटचा नीलम दिसायला लहान असतो.

प्रयोगशाळेचा अहवाल मिळाला तर त्यातले वजन आणि मिलिमीटरमधली मापे हातातल्या खड्याशी ताडून पाहावीत, आणि हे शक्यतो जडवण्यापूर्वी करावे. मूळ देशाबद्दलचा उल्लेख हे त्या प्रयोगशाळेचे मत असते. तापवल्याचा आणि भेगा भरल्याचा रकाना मला त्याहून महत्त्वाचा वाटतो.

पुढच्या अंकात आपण त्या विधानाची दुरुस्ती छापावी, अशी विनंती आहे. बहिणीने त्याच अंगठीत गेल्या वर्षी दुसरा खडा बसवून घेतला, आधीच्यापेक्षा लहान आणि फिका. या वेळी पावतीवर तिने लिहून घेतले आहे : ‘नैसर्गिक नीलम, तापवलेला, भेगांत काच नाही, बाहेरून रंग मुरवलेला नाही.’ दुकानदाराने थोडे आढेवेढे घेतले, पण लिहून दिले.

आपली विश्वासू,
एक वाचक