व्यासपीठावर दुभाषी उभा करा

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

देशपातळीवरच्या नेत्यांनी कोणत्या भाषेत बोलावे, यावर आपल्याकडे आलेली वाचकांची पत्रे मी रोज वाचतो आहे. कोणी म्हणते हिंदीत, कोणी म्हणते इंग्रजीत, कोणाला वाटते की महाराष्ट्रात पाऊल ठेवणाऱ्याने मराठीतच बोलावे. माझे म्हणणे या तिघांहून वेगळे आहे. नेत्याने त्याला सर्वांत चांगली येते त्या भाषेत बोलावे. मात्र ते बोलणे ऐकणाऱ्याच्या भाषेत पोहोचवण्याची जबाबदारी नेत्याची आणि सभा भरवणाऱ्यांची आहे, ऐकणाऱ्याची नाही. त्यासाठी व्यासपीठावर दुभाषी हवा, आणि तो महाराष्ट्रातही हवा.

हे मी पुस्तकात वाचून सांगत नाही. मी सोलापूरचा. टपाल खात्यात बचतीच्या खिडकीवर माझी बरीच वर्षे गेली. आमच्या शहराच्या पूर्व भागात पद्मशाली समाजाची मोठी वस्ती आहे. घरात तेलुगू, बाजारात मराठी. शेजारच्या गल्लीत कन्नड, पलीकडे उर्दू. खिडकीवर येणाऱ्या बायका बहुतेक विडी वळणाऱ्या. फंडाचे कागद, वारसाचे नाव, अंगठा की सही, हे सगळे आम्ही अर्धे मराठीत आणि अर्धे तेलुगूत उरकत असू.

काही वर्षांपूर्वी एका मोठ्या नेत्याची आमच्याकडे सभा झाली. नाव घेत नाही, कारण दोष त्या एका माणसाचा नव्हता. भाषण हिंदीत होते आणि उत्तम होते. त्यात एका योजनेची घोषणा झाली : ‘अगले हफ्ते से फॉर्म भरे जाएँगे.’ टाळ्या पडल्या. पुढच्या आठवड्यात आमच्याकडे खास खिडकी उघडली, गर्दी झाली, पंधरा दिवसांनी ती बंदही झाली. त्यानंतर महिनाभराने एक वयस्कर अक्का चार जणींना घेऊन आल्या. पदराच्या गाठीत कागद नीट घडी घालून ठेवलेले. मी म्हटले, ‘अक्का, एवढा उशीर का केलात?’ त्या म्हणाल्या, ‘उशीर कुठं साहेब? पुढच्या हप्त्यापासून म्हणले होते ना? परवाच गटाचा हप्ता भरला, म्हणून आले.’

हिंदीतला हफ्ता म्हणजे आठवडा, आपला हप्ता म्हणजे बचत गटात दर महिन्याला भरायचे पैसे. त्या बाईंनी भाषण लक्ष देऊन ऐकले होते, शब्दही बरोबर लक्षात ठेवला होता. तरी त्यांना शहराच्या दुसऱ्या टोकाच्या कार्यालयात दोन खेपा घालाव्या लागल्या. विडीचे काम नगावर असते, दोन दिवस सूप हातात घेतले नाही की दोन दिवसांची मजुरी गेली.

‘महाराष्ट्रात सगळ्यांना हिंदी कळते’ असे आपण मोठ्या अभिमानाने म्हणतो. कळते, पण सिनेमापुरती कळते. दोन्ही भाषांची लिपी एक, शब्दही सारखे दिसतात, म्हणूनच फसगत जास्त होते. त्यांची शिक्षा म्हणजे शिक्षण, आपली शिक्षा म्हणजे दंड. त्यांची आपत्ती म्हणजे हरकत, आपली आपत्ती म्हणजे संकट. त्यांचा राजीनामा म्हणजे तडजोड, आपला म्हणजे पदत्याग. तमिळ माणसाला हिंदी कळत नाही तेव्हा आपल्याला कळले नाही हे त्याला तरी ठाऊक असते. आपल्याला कळले असे वाटते आणि आपण घरी जातो.

तामिळनाडूत किंवा केरळात उत्तरेतला नेता सभेला गेला, की त्याच्या शेजारी दुसऱ्या माईकपाशी दुभाषी उभा असतो. नेता दोन वाक्ये बोलतो, थांबतो, दुभाषी ती तमिळमध्ये किंवा मल्याळममध्ये सांगतो. त्यात कोणाला अपमान वाटत नाही. महाराष्ट्रात असा दुभाषी मी तरी एकाही सभेत पाहिलेला नाही. आपल्याकडे मिळते ते सुरुवातीचे एक मराठी वाक्य, शिवरायांचे नाव, एखाद्या अभंगाची ओळ. टाळ्यांचा कडकडाट होतो आणि पुढचा पाऊण तास आपण आपले आपण समजून घ्यायचे! ते एक वाक्य प्रेमानेच म्हटलेले असते, मला त्याचा राग नाही. पण योजना त्या वाक्यात नसते, पुढच्या पाऊण तासात असते.

एका पत्रलेखकाने हिंदी ही राष्ट्रभाषा असल्याचे लिहिले आहे. राज्यघटनेत राष्ट्रभाषा असा शब्द कोणत्याच भाषेला लावलेला नाही. कलम ३४३ मध्ये हिंदी ही संघराज्याची राजभाषा आहे, आठव्या अनुसूचीत बावीस भाषा आहेत. २०११ च्या जनगणनेत हिंदी मातृभाषा सांगणारे सुमारे ४४ टक्के होते, तेही भोजपुरी, राजस्थानी वगैरे हिंदीत धरून. म्हणजे देशातली निम्म्याहून अधिक माणसे नेत्याचे हिंदी भाषण परभाषेतच ऐकतात. इंग्रजी तर त्याहून थोड्यांची.

मग नेत्यानेच अनेक भाषा शिकाव्यात का? शिकला तर आनंदच आहे. माजी पंतप्रधान नरसिंह राव मूळचे तेलुगू, रामटेकमधून दोनदा लोकसभेवर निवडून गेले, मराठी तर इतकी जाणत की हरिभाऊ आपट्यांची कादंबरी त्यांनी तेलुगूत नेली. पण अशी देणगी सगळ्यांना नसते. एच. डी. देवेगौडा पंतप्रधान झाले आणि १९९६ च्या स्वातंत्र्यदिनी लाल किल्ल्यावरून हिंदीत बोलले. भाषण कन्नड लिपीत लिहून घेतले होते. त्यांच्या या कष्टाचे कौतुक झाले, पण मला आजही त्याची हळहळ वाटते. मातीतून आलेला शेतकऱ्यांचा नेता पंतप्रधान म्हणून देशाशी बोलणार, आणि लक्ष सगळे उच्चार सांभाळण्याकडे. ते कन्नडमध्ये बोलले असते आणि शेजारी दुभाषी असता, तर देशाला खरे देवेगौडा ऐकायला मिळाले असते. डॉ. बाबासाहेब आंबेडकर २५ नोव्हेंबर १९४९ ला घटना समितीत इंग्रजीत बोलले आणि १५ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात लाखोंपुढे मराठीत. समोर कोण बसले आहे हे त्यांनी पाहिले.

संसदेची गोष्ट मला अधिक खुपते. कलम १२० प्रमाणे कामकाज हिंदीत किंवा इंग्रजीत. ज्या सदस्याला या दोन्हींत नीट व्यक्त होता येत नाही, त्याला मातृभाषेत बोलण्याची परवानगी अध्यक्ष देऊ शकतात. ही वाक्यरचनाच पाहा : मातृभाषा हक्क म्हणून येत नाही, उणीव म्हणून येते. आता सोयी झाल्या आहेत. राज्यसभेत २०१८ पासून बावीसही भाषांतून बोलता येते, लोकसभेतही मराठीचे दुभाषी आहेत. आधी कळवावे लागते, एवढेच. तरी आपले खासदार शपथ मराठीत घेतात आणि दुसऱ्या दिवशी कांद्याचा प्रश्न हिंदीत मांडायला उभे राहतात. कांदाचाळीला हिंदीत काय म्हणावे, करप्याला काय म्हणावे, यातच त्यांची मिनिटे जातात. गावच्या चावडीवर खणखणीत बोलणारा माणूस तिथे चाचरताना दिसतो. त्यांनी सरळ मराठीत बोलावे, कानाला यंत्र लावून इतरांनी ऐकावे.

भाषांतरात अर्थ बिघडतो, ही भीती खोटी नाही. लोकमान्य टिळकांवरच्या १९०८ च्या राजद्रोहाच्या खटल्यात ‘केसरी’तले मराठी लेख ज्यूरींपुढे सरकारी इंग्रजी भाषांतरातून गेले. नऊ ज्यूरींत सात युरोपीय होते. भाषांतरात कोणता शब्द कसा चुकला हे टिळकांनी स्वतः उभे राहून दाखवले, तरी सहा वर्षांची शिक्षा झाली. पण सभेतला दुभाषी हजारो माणसांसमोर उघड्यावर उभा असतो. दोन्ही भाषा जाणणारे शेकडो लोक समोर असतात, चुकला तर तिथल्या तिथे ओरडून सांगतील. भाषणाला दुप्पट वेळ लागेल हा आक्षेपही मी ऐकला आहे. लागू दे. दर दोन वाक्यांनी थांबावे लागले की बोलणारा मोजके बोलतो. ‘मन की बात’चा अनुवाद आकाशवाणी प्रादेशिक भाषांतून देतेच, म्हणजे हे काम करणारी माणसे आपल्याकडे आहेत.

२४ मार्च २०२० ची रात्र आठवते. आठ वाजता पंतप्रधान हिंदीत बोलले आणि मध्यरात्रीपासून एकवीस दिवसांची टाळेबंदी सुरू झाली. भाषण संपताच आमच्या गल्लीत बायका दारात आल्या. दूध मिळणार का, दवाखाना उघडा का, पान-तंबाखूचा माल कारखान्यातून येणार का. त्या वेळी शेजारची दहावीतली मुलगी ओट्यावर उभी राहिली आणि जेवढे कळले तेवढे तेलुगूत सांगू लागली. एक म्हातारे गृहस्थ तिला मध्येच थांबवून ‘हे परत सांग’ म्हणत होते आणि ती परत सांगत होती.

आता निवडणुका आल्या की पुन्हा सभा होतील. सर्व पक्षांच्या स्थानिक कार्यकर्त्यांना माझी विनंती आहे की मंडप, खुर्च्या आणि ध्वनिक्षेपकाच्या यादीत आणखी एक माईक लिहावा. सोलापुरात तर मराठीबरोबर तेलुगू आणि कन्नडही बोलणारी मुले घरोघर आहेत. ती दहावीतली मुलगी आता नोकरी करते. तिला मी विचारून ठेवले आहे, ती यायला तयार आहे.

आपला,
एक निवृत्त टपाल कर्मचारी,
पूर्व भाग, सोलापूर