ठेवायची झाडं

आदरणीय मॅडम,

सप्रेम नमस्कार.

जंगल कसं जोपासायचं हे शिकवणारा तुमचा पहिला वर्ग झाला त्याला आता पाच वर्षं होतील. हे पत्र नुसतं तुमच्या पत्त्यावर टाकता आलं असतं. तरी उघडपणे लिहितोय, कारण थोडंफार जंगल नावावर असलेली, पण त्याचं काय करायचं हे कुणीच न सांगितलेली माझ्यासारखी माणसं पुष्कळ आहेत. त्यांच्याही वाचनात यावं असं वाटलं.

पहिल्या दिवशी तुम्ही आम्हाला खुर्च्यांवर बसवलं नाहीत. आम्ही बाराजण जमीनमालक, बरोबर तेवढीच मुलं, आणि तुम्ही सगळ्यांना घेऊन थेट माझ्या तोड झालेल्या पट्ट्यात गेलात. आदल्या दिवशी मला विचारलंही होतंत, ‘तुमची तोड सगळ्यांसमोर दाखवली तर चालेल ना?’ मी हो म्हणालो खरा, पण रात्रभर झोप नव्हती.

त्या पट्ट्याची गोष्ट तेव्हा दोन वर्षं जुनी होती. एक व्यापारी आला आणि म्हणाला, फक्त जाडी झाडं नेतो, बारकी तुम्हाला राहतील, दहा वर्षांत तीही जाड होतील. जंगलही राहतं आणि हातात पैसेही येतात, मग नाही कशाला म्हणायचं? किती झाडं, केवढ्या घेराची, काही न मोजता मी सौदा केला. उरलेली झाडं उंच, सडसडीत, शेंड्याला मूठभर पाला असलेली होती. दाटीत एकमेकांच्या आधाराने वाढलेली ती खोडं एकदम उघड्यावर पडली आणि पहिल्याच वादळात त्यातली कितीतरी मोडली. मी मनाची समजूत घातली होती की वादळच मोठं होतं.

तुम्ही एका जाड सागाच्या बुडख्यापाशी गुडघे टेकून बसलात. पटाशीने वरचा भाग तासून घेतलात, ओला फडका फिरवलात, आणि करड्या पडलेल्या लाकडातून वलयं वर आली. टाचण्यांची डबी माझ्या पुतणीच्या हातात दिलीत. ती तेव्हा चौदा वर्षांची होती. दर दहा वलयांमागे एक टाचणी. मोजणी ४१ वर थांबली. मग तुम्ही शेजारच्या बारक्या झाडाकडे वळलात. वादळात मोडलेलं, पोटरीएवढं जाड. बुंध्याशी करवतीने कापून तेही तासलंत. वलयं इतकी दाट की भिंग काढावं लागलं. पुतणी दोनदा चुकली, पुन्हा पहिल्यापासून लागली आणि शेवटी म्हणाली, ‘एकोणचाळीस.’

कुणी काही बोललं नाही. तुम्हीही लगेच बोलला नाहीत, याचे आभार मला वेगळे मानायचे आहेत.

दोन्ही झाडं जवळजवळ एका वयाची होती. मी ज्याला लहान समजून उद्यासाठी राखलं, ते लहान नव्हतंच. उजेडाच्या शर्यतीत ते मागे पडलं होतं. शेतकरी बियाण्यासाठी टपोरी कणसं बाजूला काढतो. मी टपोरी विकली आणि पोचट राखली. पुढचं बी ज्या झाडांनी टाकायचं, तीच गेली. सगळा दोष वाणाचा नसतो, सावलीत दबलेलं चांगलं झाडही बारीक राहतं, हे तुम्ही समजावून सांगितलंत. पण चाळीस वर्षं दबलेलं झाड मोकळं केलं की दहा वर्षांत जाड होईल, ही आशा मात्र तिथेच संपली. वाईट वाटलं. तरी त्या दिवशी मला पहिल्यांदा आपलं जंगल दिसलं असं मी म्हणेन.

दुसरा पट्टा उतारावर होता. तिथे गाडी जात नव्हती म्हणून वाचलेला. झाडं वीस-बावीस वर्षांची, माथ्याला माथा लागलेला. विरळणी हवी, म्हणजे काही झाडं काढून दाटी कमी करायला हवी, एवढं आम्हालाही कळत होतं, आणि आम्ही सगळे तोडायची झाडं शोधायला लागलो. तुम्ही पिवळ्या रंगाचा डबा काढलात आणि म्हणालात, आधी ठेवायची झाडं ठरवा. सरळ खोड, भरदार माथा, बुंध्याशी जखम नाही, अशा झाडाला पिवळा पट्टा. मग त्याच्याखाली उभं राहून मान वर करायची आणि बघायचं, कुणाच्या फांद्या याच्या माथ्यात घुसल्यात. त्यातलं जे खरं आड येतंय तेच काढायचं. माथा निदान तीन बाजूंनी मोकळा झाला पाहिजे. खाली दबलेलं, कुणाला त्रास न देणारं झुडूप राहू द्यायचं, ते जमीन झाकतं आणि खोडांना सावली देतं. विरळणी म्हणजे तोड, हे माझ्या डोक्यात पक्कं बसलं होतं. ती निवड आहे, हे त्या पिवळ्या डब्याने शिकवलं.

मुलांना रोप लावायला शिकवणं सोपं असतं. तुम्ही त्यांना निर्णय घ्यायला शिकवलंत, आणि तोही मालकांच्या देखत. टेप मुलांच्या हातात, वही आमच्या हातात. पोरांनी सांगायचं, आम्ही लिहायचं. जमिनीपासून १.३ मीटरवर घेर मोजायचा, उतारावर असलो तर वरच्या अंगाने. घेराला ३.१४ ने भागलं की व्यास. ८८ सेंटिमीटर घेराचं झाड म्हणजे २८ सेंटिमीटर व्यासाचं, हे आता आमची पोरं तोंडी सांगतात.

आणि तो पुठ्ठ्याचा तुकडा! एक सेंटिमीटर रुंद, त्याला पन्नास सेंटिमीटर दोरी. दोरीचं टोक डोळ्यापाशी धरायचं, पुठ्ठा समोर ताणायचा आणि एका जागी उभं राहून गोल फिरायचं. पुठ्ठ्यापेक्षा जाड दिसेल ते खोड मोजायचं, त्याच्याआड लपेल ते सोडायचं. जितकी झाडं भरली, तितके चौरस मीटर खोडांच्या आडव्या छेदांचं एकूण क्षेत्र दर हेक्टरी, म्हणजे जंगल किती दाट आहे त्याचं माप. मुलांनी २९ मोजली. मला ही जादूच वाटली. वॉल्टर बिटरलिख नावाच्या ऑस्ट्रियन वनअधिकाऱ्याने १९४०च्या दशकात ही पद्धत मांडली, आणि जाड झाड लांबूनही भरतं, बारीक झाड जवळ असलं तरच भरतं, म्हणून हिशोब आपोआप जुळतो, हे तुम्ही जमिनीवर काडीने आकृती काढून पटवलंत.

एका मुलाने विचारलं होतं, दरवर्षी किती तोडलं तर चालतं? तुम्ही त्याला हान्स कार्ल फॉन कार्लोविट्झची गोष्ट सांगितलीत. सॅक्सनीतला खाणींचा अधिकारी. खाणींना आणि भट्ट्यांना लाकूड पुरेना, तेव्हा त्याने १७१३ मध्ये लिहून ठेवलं की जंगलातून काढायचं ते पुन्हा वाढेल अशा बेतानेच काढलं पाहिजे. तो वनखात्याचा नव्हता, खाणीचा माणूस होता, हे मला फार महत्त्वाचं वाटलं. ज्याला लाकूड हवं होतं, त्यालाच हे सुचलं. आम्हालाही लाकूड हवंच आहे. जंगल राखायचं तर त्याला हातच लावू नका, असं तुम्ही कधी म्हणाला नाहीत, म्हणून आम्ही तुमचं ऐकलं.

वाळलेल्या मोठ्या झाडाचा किस्सा इथे लिहायलाच हवा. पट्ट्याच्या मधोमध उभं होतं, साल गळालेलं, अर्ध्यावर ढोली. मी ते जळणासाठी धरलं होतं. तुम्ही अंधार पडेपर्यंत आम्हाला खाली गप्प बसायला लावलंत. मुलं चुळबुळ करत होती. मग ढोलीच्या तोंडाशी एक गोल चेहरा आला, आमच्याकडे बघत राहिला आणि आवाज न करता निघून गेला. घुबड उंदीर खातं, सुतार पक्षी लाकडातल्या अळ्या वेचतो, हे आम्ही ऐकून होतो. पण ते घर माझ्या जळणाच्या यादीत होतं, हे त्या क्षणी कळलं. झाड अजून उभं आहे. वाटेपासून लांब आहे, तेव्हा पडलं तरी कुणाच्या अंगावर पडणार नाही, तेही तुम्ही पाहून घेतलं होतंत.

बाकी शिकवलेलं सगळं लिहीत बसलो तर वही भरेल. फांदी खोडाला घासून न कापता तिच्या बुडाची फुगीर कड राखून कापायची, म्हणजे जखम लवकर मिटते. लाकूड ओढायची वाट सरळ उतारावर घ्यायची नाही, आणि घेतलेल्या वाटेवर तिरके बांध घालून पाणी बाजूला काढायचं. ओहोळाच्या काठचा झाडोरा तोडायचा नाही. हे सगळं आम्ही करतो.

आणि हो, तो तोडलेला पट्टा. बुडखे जमिनीलगत पुन्हा छाटून घ्या, म्हणाला होतात. सगळे नाहीत, पण बरेच फुटले. एकेका बुडख्याला सात-सात, आठ-आठ फुटवे. दुसऱ्या वर्षी पुतणीने मातीलगतून आलेला एकेक धट फुटवा ठेवला, बाकी कोयत्याने काढले. वरून फुटलेले ठेवायचे नाहीत, ते वाऱ्याने निसटतात, हे तिने मला ऐकवलं. आज त्यातले काही माझ्या दुप्पट उंच आहेत. नवीन पट्टा आखायचा झाला की तिला विचारल्याशिवाय मी रंगाचा डबा उघडत नाही. माझ्यानंतर निर्णय तिनेच घ्यायचे आहेत, आणि ते तिला माझ्यापेक्षा चांगले जमतात.

तुमचा टेप तुम्ही तिच्याकडेच ठेवलात. दर जानेवारीत ती पिवळ्या पट्ट्याची साठ झाडं मोजते, त्याच खुणेवर. मी वही धरतो. सतरा नंबरचं झाड तुम्हाला आठवत असेल, तुम्ही आणि ती त्याच्यावरून वाद घालत होतात, तिने ते ठेवायचंच म्हणून धरलं होतं आणि तुम्ही तिचं ऐकलं होतंत. विरळणीच्या वर्षी त्याचा घेर ५८ होता. या जानेवारीत ७१ भरला. तिने टेप सोडून पुन्हा लावला, पुन्हा ७१. मग म्हणाली, ‘काका, हे मॅडमना कळवा.’

म्हणून कळवतोय.

तुमचा कृतज्ञ,
उतारावरच्या पट्ट्याचा मालक