'निवांत सफर' म्हणून विकलेल्या तिकिटाबद्दल तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, आरक्षण विभाग, पणजी

महोदय,

गेल्या शनिवारी आपल्या बोटीने मांडवीत सूर्यास्ताची फेरी केली. तिकिटांची प्रत सोबत जोडली आहे.

पणजीत बोटींना तोटा नाही. नाचगाण्याच्या आहेत, जेवणाच्या आहेत, कॅसिनोच्या तर नदीत नांगर टाकूनच बसलेल्या. त्यातून आपली निवडली ती जाहिरातीतल्या 'निवांत सफर, शहराच्या माहितीसह' या ओळीमुळे. वडील कानाला यंत्र लावतात, मोठा आवाज त्यांना सोसत नाही. म्हणून पैसे भरण्याआधी फोन करून मुद्दाम विचारले. "हलकं म्युझिक असतं सर, काकांना काही त्रास नाही," असे उत्तर मिळाले.

सांता मोनिका जेटी सुटताच डेकवरचे स्पीकर असे काही दणाणले की खुर्चीचा पत्रा थरथरू लागला. वडिलांनी यंत्र काढून खिशात टाकले आणि तासभर तसेच बसून राहिले. खुर्च्याही स्टेजकडे तोंड करून, म्हणजे नदीकडे पाठ! मान वळवून पाहावे तर रेलिंगपाशी सेल्फीवाल्यांची भिंत. निवेदक "पुण्याहून कोण कोण आलंय? आवाज!" एवढेच विचारत होता. जुन्या सचिवालयाचा आदिलशाही वाडा मागे पडला, १५५१ साली बांधलेला रेईश मागूशचा किल्ला समोर आला, मिरामारच्या बाजूला सूर्य बुडाला. एकाबद्दलही अवाक्षर नाही. त्या वेळी स्टेजवर जोडप्यांची नाचाची स्पर्धा चालू होती.

नाचणाऱ्यांवर माझा राग नाही. ज्यांना ते हवे त्यांनी खुशाल नाचावे. पण मग तिकीट त्याच नावाने विका. निवांतपणाच हवा तर बेतीची फेरीबोट बरी, पायी माणसाला ती फुकट नेते.

बोटीवरच्या आपल्या माणसाला आवाज कमी करायला सांगितले, तर "सगळ्यांना आवडतं" म्हणून तो निघून गेला. जेटीवरच्या खिडकीत तक्रारवही मागितली, ती मिळाली नाही.

तेव्हा सर्व तिकिटांचे पैसे ज्या खात्यातून भरले त्यात परत करावेत, आणि जाहिरातीतली ती ओळ काढावी किंवा डीजे नसलेली एक फेरी खरोखर सुरू करावी. पंधरा दिवसांत लेखी उत्तर न आल्यास ग्राहक आयोगाकडे दाद मागेन. फोनवर समजूत घालू नये, फोनवरच्या शब्दाचा अनुभव घेतला आहे.

आपला,
एक प्रवासी, कोल्हापूर